पूल पाण्याखाली जाण्याआधी: ५८ व्हिडिओ आणि ३.६ जीबी

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की आलापल्लीकडे जाणारा रस्ता तुटतो. कधी एक दिवस, कधी सलग तीन-चार. वीज जाते, टॉवरची बॅटरी संपली की रेंजही जाते. आमची शाळा याच भागात, आणखी आत. जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, मुलं घरी माडिया बोलणारी.

लोकवर्गणीतून शाळेला एक टीव्ही मिळाला, त्याला सोलरची बॅटरी जोडली. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की व्हिडिओ चालतो. आमच्या मुलांसाठी ही चैन नाही. पुस्तकात समुद्र आहे, आगगाडी आहे. समुद्र कुणी पाहिलेला नाही, आणि जिल्ह्यातली रेल्वे पार उत्तरेच्या टोकाला, देसाईगंजला. चित्रावरून आगगाडी समजावून सांगणं आणि रुळावरून गाडी धडधडत जाताना दाखवणं यात काय फरक पडतो, ते तेव्हाचे त्यांचे चेहरे बघितले की कळतं. म्हणून पावसाळ्याआधी पेन ड्राइव्ह भरून ठेवायचा हे आम्ही ठरवलं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात, त्यामुळे भरण्याचं काम जूनमध्येच उरकावं लागतं. त्यासाठी चांगली रेंज लागते, ती मिळते सुमारे ६५ किलोमीटरवर आलापल्लीला.

हे प्रकरण त्या भरण्याचं आहे. पहिल्या वर्षी ते फसलं आणि दुसऱ्या वर्षी जमलं. रेंज तीच होती, पॅकही तोच. दुसऱ्या वर्षी फक्त एकच गोष्ट वेगळी होती: कुठलीही फाइल उतरवायला घेण्याआधी ती केवढी आहे हे आम्हाला माहीत होतं.

पहिलं वर्ष

माझ्याकडे रोज दीड जीबीचा पॅक होता. आलापल्लीत ओळखीच्या घरी तीन दिवस मुक्काम ठरवला. हिशोब सरळ वाटला: तीन दिवस, साडेचार जीबी, भरपूर झाले.

पहिल्याच दिवशी जंगलावरचा एक ४५ मिनिटांचा माहितीपट उतरवायला लावला. समोर १०८०, ७२०, ४८० असे पर्याय होते. टीव्ही मोठा आहे, मुलांना नीट दिसावं, म्हणून १०८० निवडला. फाइल केवढी आहे हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि मीही ते शोधलं नाही. दुपारनंतर वेग एकदम पडला. पॅक संपला होता. संपल्यावर जो ६४ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटचा वेग मिळतो, त्यावर सेकंदाला ८ किलोबाइट येतात, कारण आठ बिटांचा एक बाइट. फाइलचे जवळपास अडीचशे एमबी बाकी होते, म्हणजे साडेआठ तासांहून जास्त. रात्रभर फोन चार्जरला लावून ठेवला. पहाटे कधीतरी जोडणी तुटली, आणि तो सर्व्हर अर्धवट राहिलेली फाइल पुढे चालू करू देणारा नव्हता. सकाळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

नंतर हिशोब मांडला तेव्हा कळलं की ती फाइल साधारण १.५२ जीबीची होती. माझ्या एका दिवसाच्या पॅकमध्ये ती कधीच मावणार नव्हती. सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं नसतं तरी मावली नसती.

त्याच तीन दिवसांत आणखी दोन गोष्टी घडल्या. माझ्या सहकारी मॅडमनी एका मोठ्या व्हिडिओ अ‍ॅपमध्ये ‘ऑफलाइन’ करून बारा धडे साठवले होते. ते अ‍ॅपमध्ये दिसायचे, पण फाइल म्हणून बाहेर निघायचे नाहीत, म्हणजे पेन ड्राइव्हवर जाणार नव्हते. शिवाय अशा अ‍ॅपला अधूनमधून इंटरनेट लागतं, आणि आमच्याकडे तेच नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे नागपूरहून एकाने आणून दिलेली ५.२ जीबीची एक फाइल. पेन ड्राइव्हवर पन्नास जीबी मोकळे असूनही ती कॉपी होईना. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी कुठलीही एक फाइल बसत नाही, बाकी जागा कितीही असो. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत ती बसली असती, पण आमचा जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नाही.

तीन दिवसांनी हातात सात व्हिडिओ होते. त्यांतले दोन अर्धवट.

मॅडम म्हणाल्या, “सर, मुलांना सांगितलंय आपण, जंगलाचा पिक्चर आणतोय म्हणून.” त्या वर्षी तो आला नाही.

७२० हे मापच नव्हे

पुढच्या सुट्टीत मी हे नीट समजून घ्यायचं ठरवलं. सगळ्यात मोठा गैरसमज निघाला तो ७२० आणि १०८० या आकड्यांबद्दल. हे आकडे चित्राची उंची सांगतात, चित्र किती ओळींचं आहे ते. फाइल केवढी असेल हे त्यांवरून कळत नाही. ते ठरतं बिटरेटवर, म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओसाठी किती बिट खर्च झाले यावर.

माझ्याकडे दोन फाइली होत्या. दोन्ही ७२०, दोन्ही १२ मिनिटांच्या. एकीत शिक्षक फळ्यावर अपूर्णांक शिकवतात, दुसरीत जंगलातला ओढा आहे. पहिली ५४ एमबी, दुसरी २१६. चौपट.

कारण व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत आहे. दर सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं येतात, पण प्रत्येक चित्र पूर्ण साठवलं जात नाही. काही ठरावीक चित्रं पूर्ण ठेवतात आणि मधल्या चित्रांसाठी फक्त आधीपेक्षा काय बदललं एवढंच नोंदवतात. फळा हलत नाही, भिंत हलत नाही. हलतो तो शिक्षकांचा हात आणि खडू. वाहत्या पाण्यात आणि वाऱ्याने हलणाऱ्या पानांत मात्र प्रत्येक ठिपका सतत बदलत असतो, म्हणून बिटही भरमसाट लागतात. आमच्या मुलांना जे सर्वांत ओळखीचं, ते जंगल आणि तो पाऊस, तेच साठवायला सर्वांत महाग पडतं. मला हे कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं, पण निदान कळलं.

बिटरेट माहीत असेल तर आकार तोंडी काढता येतो. सेकंदाला हजार किलोबिट म्हणजे मिनिटाला साडेसात एमबी. एवढं एकच वाक्य पाठ ठेवावं. फळ्याचा धडा ६०० किलोबिटचा, म्हणजे मिनिटाला साडेचार एमबी, १२ मिनिटांचे ५४. ओढा २४०० किलोबिटचा, मिनिटाला १८, बारा मिनिटांचे २१६. पहिल्या वर्षीचा तो माहितीपट साधारण ४५०० किलोबिटचा होता, मिनिटाला ३३.७५ एमबी, ४५ मिनिटं. हा गुणाकार मला आलापल्लीला जाण्याआधी येत असता तर तीन दिवस वाया गेले नसते.

आकार विचारायला जवळपास काही लागत नाही

यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट मला सर्वांत शेवटी सापडली. फाइल उतरवायला शेकडो एमबी लागतात, पण ती केवढी आहे हे विचारायला काही किलोबाइट पुरतात. म्हणजे हे काम आमच्या गावातच होऊ शकतं. संध्याकाळी शाळेमागच्या टेकाडावर दोन दांड्या रेंज येते, तेवढी यासाठी खूप झाली. आलापल्लीच्या चांगल्या रेंजचा एकही मिनिट शोधाशोधीत घालवायचा नाही. यादी घरून भरून न्यायची आणि तिथे फक्त उतरवायचं.

काही ठिकाणी आकार पानावरच लिहिलेला असतो. विकिमीडिया कॉमन्स या चित्रं-व्हिडिओंच्या मोफत संग्रहात प्रत्येक व्हिडिओच्या पानावर लांबी आणि आकार दिलेला असतो, आणि खाली त्याच व्हिडिओच्या लहान-मोठ्या आवृत्त्यांचा तक्ता असतो. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात ‘सर्व दाखवा’ असा दुवा असतो. तो उघडला की त्या संग्रहातल्या प्रत्येक फाइलचं नाव आणि आकार ओळीने दिसतात. या दोन संस्थांनी हे इतकं उघडपणे लिहून ठेवलंय याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मर्यादित पॅकवाल्या माणसाचा विचार कुणीतरी केलेला आहे.

जिथे लिहिलेलं नसतं पण फाइलचा थेट दुवा असतो, तिथे सर्व्हरला विचारायचं. वेबच्या नियमांत ‘हेड’ नावाची एक विनंती असते. तिचा अर्थ, फाइल पाठवू नकोस, फक्त तिच्यावरची चिठ्ठी वाचून दाखव. त्या चिठ्ठीत ‘कंटेंट-लेंग्थ’ म्हणून एक आकडा असतो, तोच फाइलचा आकार, बाइटमध्ये. शाळेच्या लॅपटॉपवर त्यासाठी वेगळं काही टाकावं लागलं नाही. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कर्ल नावाचं छोटं साधन आधीच असतं. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, कर्ल लिहून, पुढे हायफन आणि कॅपिटल आय, मग दुवा. फोनवर कुठलाही बरा डाउनलोड मॅनेजर दुवा चिकटवला की हेच काम पडद्यामागे करतो आणि ‘सुरू करू का?’ विचारताना आकार दाखवतो.

इथे मी एकदा फसलो. एका फाइलचा आकार दीडशेच्या आसपास बाइट आला. खरं तर तो फाइलचा आकार नव्हता; ‘फाइल इथे नाही, तिकडे जा’ असं सांगणाऱ्या इवल्याशा पानाचा तो आकार होता. कर्लला कॅपिटल एल हा पर्यायही दिला की ते पुढच्या पत्त्यावर जाऊन खरा आकडा आणतं. त्याच चिठ्ठीत ‘अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस’ अशी ओळ आणि तिच्यापुढे ‘बाइट्स’ असा शब्द असेल, तर तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे चालू करता येते. पहिल्या वर्षी रात्रभर फोन चार्जरला लावण्याआधी ही एक ओळ बघायला हवी होती. यादीत आता तिच्यासाठी स्वतंत्र रकाना आहे.

आकडे बाइटमध्ये येतात आणि लांबलचक असतात. ते वाचायला मी पाचवीच्या मुलांना बसवलं. दहा लाख म्हणजे एक एमबी, एक कोटी म्हणजे दहा एमबी, एक अब्ज म्हणजे एक जीबी. स्थानिक किमतीचा धडा सुरूच होता. उजवीकडून स्वल्पविराम देत मुलं आकडा फोडायची आणि ओरडायची, “सर, एकवीस कोटी साठ लाख!” मी फळ्यावर लिहायचो, २१६ एमबी. कोटी-अब्जाचा असा खरा उपयोग मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात करून दाखवला.

पेन ड्राइव्हवरच्या ६४ जीबीचे संगणकावर ५९.६ का दिसतात, हेही याच वेळी उलगडलं. विकणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. जीबीच्या पातळीवर हा फरक सात टक्क्यांहून जास्त पडतो. काठोकाठ हिशोब करायचा असेल तर एकच मोजमाप धरावं. आम्ही हजाराचं धरलं.

आणि काही ठिकाणी आकडा मिळतच नाही. तिथे व्हिडिओ एक फाइल म्हणून नसतो, काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, आणि तुकड्यांची यादी एका प्लेलिस्टमध्ये असते. त्या प्लेलिस्टमध्ये प्रत्येक दर्जासमोर ‘बँडविड्थ’चा आकडा असतो. त्याला लांबीने गुणलं की अंदाज येतो, पण तो फुगलेला असतो, कारण तो आकडा कमाल बिटरेटचा असतो. काही प्लेलिस्टमध्ये सरासरीही दिलेली असते, मग तीच घ्यावी. एक मिनिट चालवून फोनच्या डेटा मोजणीत फरक बघण्याचा प्रयोगही मी केला आणि सोडून दिला. प्लेअर पुढचा भाग आधीच ओढून ठेवतो, त्यामुळे एका मिनिटाच्या नावाखाली दोन-तीन मिनिटांचा डेटा मोजला जातो.

यादी आणि उलटा हिशोब

जूनच्या पहिल्या आठवड्यात यादी तयार झाली: ५८ व्हिडिओ, एकूण ५८० मिनिटं. ४१ फाइलींचे आकार नेमके मिळाले, १७ बिटरेटवरून काढले. सगळं मिळेल त्या मोठ्यात मोठ्या दर्जात घेतलं तर बेरीज ११ जीबीच्या जवळ जात होती.

हातात होते तीन दिवसांचे साडेचार जीबी. फोनला स्वतःलाही रोज थोडं लागतं, कार्यालयाचे ग्रुप, त्यांवरच्या पीडीएफ. रोज ३०० एमबी त्यासाठी ठेवले. उरले ३.६ जीबी. आता उलटा भागाकार: ३६०० एमबी भागिले ५८० मिनिटं, मिनिटाला ६.२ एमबी. म्हणजे सरासरी ८२७ किलोबिटच्या आत राहायचं, आवाज धरून. हा आकडा मी यादीच्या डोक्यावर लाल शाईने लिहिला. त्यानंतर दर्जा निवडणं ही आवडीनिवडीची गोष्ट राहिली नाही.

फळ्यावरचे आणि स्लाइडचे धडे ३१ होते, ३०० मिनिटांचे. ते ७२० मध्ये ठेवले, कारण फळ्यावरची अक्षरं मागच्या रांगेतून वाचता आली पाहिजेत, आणि तरीही ते सरासरी ५०० किलोबिटमध्ये बसत होते: ११२५ एमबी. गाणी आणि कार्टूनच्या गोष्टी १९, एकूण १५० मिनिटं, ४८० मध्ये, ७०० किलोबिट: ७८८ एमबी. आठ माहितीपट राहिले, १३० मिनिटांचे. ते ७२० मध्ये घेतले तर एकटेच २१४५ एमबी खाणार आणि बेरीज ४ जीबीच्या वर जाणार. म्हणून सगळे ४८० वर आणले, ११०० किलोबिट, १०७३ एमबी. आता बेरीज तीन जीबीच्या जरा खाली आली आणि सहाशेवर एमबी हातात राहिले.

ते सहाशे एमबी कशावर खर्च करायचे यावर मॅडम आणि मी एक अख्खी संध्याकाळ बोलत होतो. शेवटी दोन माहितीपट पुन्हा ७२० वर नेले, एक समुद्राचा आणि एक आगगाडीचा, दोन्ही मिळून ३५ मिनिटं. जे मुलांनी कधी पाहिलेलं नाही ते तरी स्वच्छ दिसावं. जंगल ४८० मध्ये राहिलं. ते खिडकीबाहेर आहे. त्या दोन माहितीपटांनी २८९ एमबी वाढले. एकूण ३.२७ जीबी. उरलेले तीनशेवर एमबी मुद्दाम शिल्लक ठेवले.

आवाजाकडेही बघितलं. १२८ किलोबिटचा आवाज ५८० मिनिटांत एकटाच ५५७ एमबी घेतो. आम्ही बरेचसे माहितीपट आवाज बंद करून दाखवतो, कारण सांगायचं ते मराठीत आणि माडियात आम्हीच सांगतो. जिथे कमी बिटरेटच्या आवाजाची आवृत्ती मिळाली तिथे ती घेतली.

एक मोह मात्र टाळला. व्हिडिओ साठवण्याच्या एचईव्हीसी या नव्या पद्धतीच्या फाइली, दर्जा तोच ठेवून, जुन्या एच.२६४ च्या जवळपास निम्म्या आकारात बसतात. आकड्यांकडे बघून मी हरखलो होतो. आधी एक ६ एमबीची फाइल उतरवून टीव्हीला लावली. आवाज आला, चित्र आलं नाही. मग सगळं एच.२६४ मध्येच घेतलं.

आलापल्ली

आकार हाती असल्यामुळे मुक्कामही लहान झाला. रोजचा पॅक रात्री बाराला नव्याने भरतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी पोचलो, त्या दिवसाचे १.२ जीबी बाराच्या आत उतरवले. रात्री ४ एमबीपीएसच्या आसपास वेग होता. त्या हिशोबाने १.२ जीबीला पाऊण तासही लागत नाही. शनिवारचा वाटा शनिवारी सकाळी, आणि रविवारचा शनिवारी रात्री बारा वाजून गेल्यावर. तीन दिवसांचा पॅक दोन रात्रींत वापरून झाला. कुठल्या फाइली कुठल्या वाट्यात बसतात ते यादीतच ठरलेलं होतं, मोठ्या आधी, लहान फटी भरायला नंतर.

फोनची जागा एकदा अडली. काही साधनं चित्र आणि आवाज वेगवेगळे उतरवून मग जोडतात, आणि जोडताना थोडा वेळ दुप्पट जागा लागते. आधीच्या फाइली पेन ड्राइव्हवर हलवल्या आणि पुढे गेलो.

मोजणीत ३.४ जीबीच्या आत खर्च दिसला, अंदाजापेक्षा तीन-चार टक्के जास्त. डेटा पाकिटांतून येतो आणि प्रत्येक पाकिटाला स्वतःचं वजन असतं, त्यामुळे एवढं होणारच.

आकाराचा दुसरा उपयोग जुलैमधल्या शिक्षण परिषदेत झाला. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, इतर शाळांनी पेन ड्राइव्ह आणले होते, सगळ्यांना तेच ५८ व्हिडिओ दिले. नऊ शाळांनी वेगवेगळं उतरवलं असतं तर २९ जीबीहून जास्त लागले असते. एका गुरुजींनी कॉपी पूर्ण व्हायच्या आत पेन ड्राइव्ह काढला. नावं सगळी दिसत होती, पण यादीतला आकार ताडून बघितल्यावर तीन फाइली तोकड्या निघाल्या. गावी जाऊन मुलांसमोर लावल्यावर कळण्यापेक्षा ते तिथेच कळलं. आता पेन ड्राइव्हसोबत आकाराची छापील यादीही जाते.

ऑगस्टमध्ये पूल पाण्याखाली होता तेव्हा आम्ही समुद्राचा माहितीपट लावला. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, याचा पलीकडचा काठ कुठंय?” तेवढ्या एका प्रश्नावर पुढचे दोन तास गेले.

पुढच्या पावसाळ्याच्या यादीत आत्ता ७४ नावं आहेत. त्यांतल्या नऊ नावांसमोर आकाराचा रकाना अजून रिकामा आहे.